पिवळ्या कागदावरची निळी शाई

आज रविवार. कोपरीतल्या आमच्या छोट्या प्रेसमध्ये बारशाच्या पत्रिका छापायच्या होत्या. पिवळा कागद, निळी शाई. स्क्रीनवर निळा छान दिसला, म्हणून थेट मशीन लावलं. कागदाचा पिवळा मिसळून पत्रिका हिरवी निघाली.

पत्रिका घ्यायला आलेल्या बाळाच्या आजी हसल्या, "अहो वहिनी, हा तर पोपट झाला!"

माझे यजमान स्क्रीनवर विश्वास ठेवत नसत. त्याच कागदावर बोटाने शाई लावून दारात जायचे आणि हाक मारायचे, "अगं, उजेडात बघ. तुला कसा दिसतो?" मी सांगेन तोच रंग धरायचे. मागच्या वर्षी ते गेले.

खालचा पिवळा झाकावा म्हणून आज निळ्या शाईत थोडी पांढरी मिसळली, निळा जमला. आजी खूश झाल्या. पण मला कसा दिसतो, हे कोणी विचारलं नाही.

तुम्हाला असं विचारणारं कोणी आहे ना?

नंतर मी रोलर पुसून ठेवले.