धाकटीच्या वाळूच्या पिशव्या

माझ्या धाकट्या जावेचा हेवा मी पंचेचाळीस वर्षं करत आले, पण तो किरकोळ होता. तिच्या माहेराहून जास्त साड्या यायच्या, तिच्या पुरणपोळीला कड कोरडी राहायची नाही, असल्या गोष्टींचा. तिच्या गुडघ्यांचा हेवा मला एकाहत्तराव्या वर्षी वाटू लागला, आणि हा हेवा मात्र हाडात शिरला.

शिरड शहापुरात आमचं घर एक होतं, त्याची पुढे दोन झाली. मधे छातीएवढी भिंत. चुली दोन, रेशनकार्डं दोन. देव मात्र वाटले नाहीत, आणि महालक्ष्म्याही वाटल्या नाहीत. त्या दर भाद्रपदात माझ्याच देवघरात बसतात, आणि थोरली म्हणून मोठ्या महालक्ष्मीचं सूप माझ्या हातात असतं, धाकट्या महालक्ष्मीचं तिच्या.

गेल्या वर्षी होळीनंतर एका वैद्यकीय महाविद्यालयातली माणसं गावात आली. ग्रामपंचायतीच्या सभागृहात त्यांनी पासष्टच्या पुढच्या म्हाताऱ्यांना बोलावलं. माणूस म्हातारपणी खंगतो, वजन उतरतं, चाल मंदावते, मग एक दिवस पडतो आणि उठतच नाही. हे खंगणं व्यायामानं आणि खाण्यानं लांबवता येतं का, याचा अभ्यास ते करत होते. फरशीवर दोन पट्ट्या चिकटवून त्यांनी आम्हाला एकीपासून दुसरीपर्यंत चालवलं आणि घड्याळ लावलं. हातात एक यंत्र देऊन दाबायला लावलं. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, परीक्षा म्हटली की मला चेव येतो. दात आवळून दाबलं, तरी काटा जेमतेम हलला.

मग दोन गट असल्याचं सांगितलं. एका गटाला घरी येऊन व्यायाम शिकवणार, दुसऱ्या गटाला नुसतं माहितीचं पत्रक. कोण कुठल्या गटात, हे बंद पाकिटात. पाकिटं नंबर लावून रचून ठेवलेली. जो आधी सही करील त्याला वरचं. रेशनकार्डं वेगळी म्हणून त्यांच्या कागदावर आम्ही दोन वेगळी घरं होतो, म्हणून पाकिटंही दोन.

रांगेत धाकटी माझ्या पुढे उभी होती. तिनं पेन हातात घेतलंही होतं. मी नुसतं खाकरले. आमच्या घरात वाढून घ्यायला, ओटी भरायला, बसमध्ये चढायला, सगळीकडे आधी मी. ती लगेच बाजूला झाली. "तुमी करा अक्का आधी," म्हणाली. मी सही केली, वरचं पाकीट घेतलं. पत्रक. तिला खालचं मिळालं. व्यायाम.

जे पाकीट तिच्या हातात जाणार होतं ते मी मानानं ओढून घेतलं, आणि माझं होतं ते तिच्या पदरात टाकलं. हातचं सोडून पळत्यापाठी लागतात म्हणतात, मी तर जे पळतंही नव्हतं त्याच्या मागे लागले. पुढचे सहा महिने मला हे रोज आठवलं.

पत्रकावर काठी टेकत चाललेल्या एका म्हाताऱ्याचं चित्र होतं. डाळ खा, अंडी चालत असतील तर खा, शेंगदाणे खा, चालत राहा. हे मी चौथीच्या पोरांना शिकवून बसलेय. मी ते पत्रक डब्याखाली घातलं.

धाकटीकडे मात्र दर सोमवारी एक मुलगी येऊ लागली. व्यायामाची डॉक्टर होती. स्कूटी दारात लावायची, चप्पल काढायची आणि "आजी, झाली का तयारी?" अशी हाक मारायची. आजी म्हणजे ती, मी नाही. तिनं धाकटीला एक पिवळा रबरी पट्टा दिला, ओढायला. आणि पायाला बांधायच्या दोन वाळूच्या पिशव्या. धाकटीला तिच्या मालकानं पैंजण केले तेव्हा मी मान वळवून बघितलं नव्हतं. या वयात मला वाळूचा हेवा वाटला.

एका सोमवारी मी मुद्दाम धपाटे केले आणि त्या पोरीला भिंतीवरून हाक मारली. आली, अर्धा धपाटा उभ्याउभ्या खाल्ला, म्हणाली, "छान आहे, पण आजींचे अजून दोन सेट राहिलेत," आणि गेली. उरलेले धपाटे मी घरधन्यांना वाढले. त्यांनी विचारलं, आज काय सण आहे का.

पावसाळा लागेपर्यंत धाकटीत फरक दिसायला लागला. मी रोज बघत होते, माझ्या नजरेतून काय सुटणार. पूर्वी ती जिना चढताना भिंतीला हात लावायची, तो सुटला. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, सर आली तशी तिनं एका दमात सगळ्या गोळा केल्या. हळदीकुंकवाला गेलो तर ती जमिनीला हात न लावता उठली. बायका म्हणाल्या, "धाकट्या बाई पोरीवानी उठून राहिल्या की." मला उठायला दोन हात, एक खांब आणि कुणाचं तरी लक्ष नसणं, एवढं लागत होतं.

मी तिला सरळ विचारलं, "काय शिकवून राहिली गं ती तुला? मला दाखव."

"न्हाई अक्का," ती म्हणाली. "दुसऱ्या गटातल्याला दाखवायचं न्हाई म्हणाल्यात मॅडम. अभ्यास बिघडतो म्हणं."

"मी काय दुसऱ्या गटातली हाय का? मी तुझी जाऊ हाय."

ती खाली मान घालून गहू निवडत राहिली. तिचं बराबर होतं. पाटी झाकून लिहा, असं मीच पोरांना तीस वर्षं सांगितलं. पण मला वाटलं, हिनं मुद्दाम केलं. आयुष्यात पहिल्यांदा हिला माझ्यापेक्षा काहीतरी जास्त मिळालंय, आणि ते ही पदराखाली झाकून बसलीय.

माझी धास्ती वेगळी होती, ती सांगते. आमच्यात महालक्ष्म्यांचे मुखवटे सुपात तांदळावर ठेवून तुळशीपाशी पूजतात. पूजा झाली की पाटावर बसल्या बसल्याच सूप दोन्ही हातांनी उचलायचं आणि तसंच उठायचं. एकदा उचललेलं सूप खाली टेकवत नाहीत, हात सोडत नाहीत. म्हणजे उठताना जमिनीला हात लावायची सोयच नाही. जिला उठता आलं नाही तिचं सूप पुढचीनं घ्यायचं, आणि एकदा हात बदलला की मान परत येत नाही. सासूबाईंचं सूप मी असंच घेतलं होतं. त्या अर्ध्या उठल्या आणि बसल्या. मी हात पुढे केले. पुढच्या वर्षी त्या बाजेवरून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, मला ठाऊक नाही. मी बघितलंच नाही, मला सूप मिळालं होतं.

आता पुढची धाकटी होती. तिचे पाय तयार होत होते आणि माझे जात होते, आणि भाद्रपद जवळ येत होता.

म्हणून मी चोरून शिकायचं ठरवलं. सोमवारी भिंतीच्या अलीकडे लसूण सोलत बसायचं आणि कान तिकडे. "उठा… सावकाश बसा… उठा… सावकाश बसा…" ती पोरगी मोजायची. दहा झाले की थोडं थांबून पुन्हा दहा. मी सगळं पाठ केलं. दुपारी घरधनी आडवे झाले की खोलीचं दार लावायचं, पाटावर बसायचं आणि उठायचं. चौथ्या दिवशी सातव्या वेळेला उजव्या गुडघ्यात कट असा आवाज झाला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

नंतर मला कळलं की धाकटी खुर्चीवर बसून उठत होती. उंच, लाकडी खुर्ची, भिंतीला टेकवलेली. आवाजात खुर्ची दिसत नाही. आयुष्यभर आम्ही जमिनीवर बसलो. बसा म्हटल्यावर खुर्ची माझ्या मनात येणार तरी कुठून?

गुडघा सुजला. घरात सांगितलं, पलंगाचा कोपरा लागला. महिन्यातून एकदा त्या अभ्यासवाल्यांचा फोन यायचा, आमच्या गटातल्यांना तेवढाच. पडलात का, कुठे दुखापत झाली का, काही वेगळा व्यायाम केलात का. मी तिन्हींना नाही म्हटलं. तिकडून बोलणारी मुलगी "धन्यवाद आजी" म्हणाली. आजी म्हटलं एकदाचं, तेही फोनवर.

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी गुडघ्याला तेल लावून पट्टी बांधली, वरून नऊवारी. अंगणात तुळशीपुढे दोन पाट. माझी सून आणि तिची सून ताटं वाजवायला उभ्या. गल्लीतल्या आठदहा बायका. मी बसले ते कसंबसं निभावलं. पूजा झाली. दोघींनी सुपं उचलली. ताटं वाजू लागली, सुनेनं विचारलं, "महालक्ष्मी आल्या कशाच्या पावलानं?" आणि सगळ्या म्हणाल्या, "सोन्याच्या पावलानं."

धाकटी उठली. एका झोकात. सूप जरासुद्धा हललं नाही, मुखवट्यावरचं हळदीचं बोट तसंच.

मी उठायला गेले. पुढे झुकले, टाच रोवली, गुडघ्यानं ऐकलं नाही. पुन्हा गेले. सुपातले तांदूळ कडेला सरकले. ताटं थांबली. बायका जमिनीवरच्या कुंकवाच्या पावलांकडे बघत राहिल्या. धाकटीच्या हातात सूप होतं, म्हणून माझी सून पुढे आली आणि तिनं दोन्ही हात लांबवले. माझ्याकडे नाही, सुपाकडे. ते हात मी ओळखले. माझेच होते.

तेवढ्यात शेजारी धप्प आवाज झाला. धाकटी पुन्हा पाटावर बसली होती, सूप छातीशी धरून. "आगं माय," ती म्हणाली, "माझे पाय आखडले गं. पोरीनो, ताटं ठेवा आन दोघींलाबी मागून धरा. म्हाताऱ्या झालो आमी आता."

बायका हसल्या. सुनांनी आमच्या काखेत हात घातले आणि दोघींना एकदम उभं केलं. ताटं पुन्हा वाजली. मी सूप घेऊन उंबरठा ओलांडला, मागून ती. मान माझ्याकडेच राहिला. घरधनी ओसरीवरून म्हणाले, "दोघी थकल्या आता." म्हणजे मी एकटी थकले नव्हते.

संध्याकाळी बायका गेल्यावर आम्ही दोघीच देवघरात शेवंतीच्या माळा करत बसलो होतो. मी विचारलं, "काहून बसलीस गं परत?"

"पाय आखडले व्हते अक्का," ती म्हणाली आणि दोऱ्याला गाठ मारली.

तिनं वर बघितलं नाही. मग माळ संपली तशी ती फुलांची परडी दोन्ही हातांत घेऊन उठली, ना भिंतीला हात, ना जमिनीला, आणि स्वयंपाकघरात गेली.

लोक म्हणतील, अशा वेळी डोळे भरून यावेत. माझे नाही आले. मी तिथेच बसून होते, कुणी उठवायला येईल म्हणून वाट बघत, आणि मला एकसारखं वाटत होतं की तिचे पाय खरंच आखडलेले असायला हवे होते.