पहिल्या पोराचं नाव

हन्सातू जळकी होती, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि तिने ते कधी नाकारलंही नाही. "उरावर सवत आणून बसवली, मग जळू नको तर काय नाचू?" असं ती नळावर सगळ्यांदेखत विचारायची. झुवैराच्या खोलीत नवा पंखा लागला तेव्हा हिचं डोकं दोन दिवस दुखलं. झुवैरा नवं छापील कापड नेसली की हिला घास कडू लागायचा. पण त्या बुधवारी हन्सातू जळत होती ती चक्क एका मशीनवरून.

मशीन आमच्या कानो शहरातल्या सरकारी इस्पितळात नुकतंच आलं होतं. सिकलचा, म्हणजे रक्ताचा, आजार असलेल्या पोरांच्या कानशिलावर त्याची दांडी टेकवायची, की डोक्यातलं रक्त किती जोरात धावतंय ते ऐकू येतं, आकड्यात दिसतं. फार जोरात धावत असेल तर मेंदूला झटका येण्याची भीती असते, हे आधीच कळतं, आणि मग रोज गोळी देऊन पोराला जपता येतं. पूर्वी असलं काही श्रीमंतांच्याच नशिबी असायचं. आता साध्या नर्सा ते शिकून घेऊन करत होत्या.

हन्सातूच्या थोरल्याला याच आजाराने नेलं होतं. सहा वर्षांचं पोर सकाळची पेज पिता पिता कलंडलं, तोंड वाकडं झालं, एक अंग लुळं पडलं. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं लागलं. धुळीचे वारे सुटले तेव्हा तो गेला. आणि आता सवतीचं पोर, चार वर्षांचा नझीफी, त्याच आजारासाठी थाटात मशीनकडे निघालं होतं, तेही हन्सातूच्याच कडेवर बसून.

कारण नझीफी झुवैराचा पहिला. आमच्याकडे पहिल्या पोराची आई त्याला चारचौघांत उचलत नाही, त्याच्याकडे पाहत नाही, नाव तर तोंडातून काढतच नाही. यालाच आम्ही लाज म्हणतो. रात्री दार लावून ती त्याचे किती पापे घेते ते कुणी विचारत नाही. म्हणून कापडाच्या दुकानावर निघताना नवऱ्याने, मालम सागीरने, सांगून टाकलं, "हन्सातू, तू मोठी. आत तूच ने त्याला."

"हो, माझंच नशीब मेलं," हन्सातू म्हणाली आणि चप्पल पायात सरकवली.

आत नर्स रकियाने विचारलं, "आई कोण?"

"ती बघा, भिंतीकडे तोंड करून बसलीय. पण बोलायचं ते माझ्याशी बोला."

रकियाने कानशिलाला थंडगार जेली लावली मात्र, नझीफीने टाहो फोडला. दांडी दिसली तसा तो कमानीसारखा वाकला, लाथा झाडू लागला.

"रडू देऊ नका हो," रकिया म्हणाली. "रडताना आकडा खोटा येतो. झोपलेला असला तरी खोटा येतो. जागा हवा आणि शांत हवा. घरी गप्प कसा करता याला?"

घरी काय करायचं ते हन्सातूला पक्कं माहीत होतं. कानामागे अंगठा फिरवला की पोर चिडीचूप व्हायचं, तिने किती वेळा केलं होतं. पण आज हात उठेना. माझ्या थोरल्याच्या वेळी कुणी आलं होतं का दांडी घेऊन? कुणी म्हटलं होतं का, शांत करा, वाचवतो?

"काही ऐकत नाही तो," ती म्हणाली. "जाऊ द्या, पुढच्या महिन्यात आणू."

"आणि तोवर काही झालं तर?"

"अल्लाची मर्जी."

म्हणाली खरी. काय होऊ शकतं ते त्या खोलीत तिच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं. तरी ती उठली आणि पोराला कडेवर घ्यायला वाकली.

"नझीफी!"

बाहेरच्या बाकांवरची माणसंही वळून बघू लागली. झुवैरा भिंतीपासून उठून आली होती. तिने भर दिवसा, परक्यांसमोर पोराचं तोंड ओंजळीत धरलं. "नझीफी, माझ्या सोन्या, इकडे बघ. नझीफी!"

"अगं बाई, लाज सोडली हिने," दारातली एक म्हातारी पुटपुटली.

आई उजेडात आपलं नाव घेतेय हे पोराला इतकं नवं होतं की ते रडायचंच विसरलं, तोंडाकडे बघत राहिलं. रकियाने वेळ न दवडता दांडी टेकवली. मशीनमधून सूं सूं आवाज येऊ लागला.

"जास्त आहे," तिने शेवटी सांगितलं. "पण वेळेवर आणलंत. तपासण्या करून गोळी सुरू करू. रोज, एकही दिवस न चुकवता."

झुवैरा रडत होती, हसत होती. हन्सातू पुन्हा जळली, पण आता मशीनवरून नव्हे. तिचा थोरला वाकड्या तोंडाने अंथरुणावर पडून तिच्याकडे बघायचा, आणि घर बायकांनी भरलेलं म्हणून ती भिंतीकडे बघायची. केवढी लाजरी बाई, असं सगळ्या म्हणाल्या होत्या आणि त्याही दिवसांत तिला ते गोड लागलं होतं. तेव्हा मशीन नव्हतं, खरं आहे. पण हाक मारायला नाव तर होतं!

परतीच्या रिक्षात झुवैराने डोळे पुसले. "अक्का, गल्लीत काय म्हणतील मला?"

"निर्लज्ज म्हणतील. आहेसच."

झुवैराने पोराला मांडीवर ओढलं. मग हळूच म्हणाली, "अक्का, तुमच्या थोरल्याचं नाव काय होतं? घरात कुणी कधी घेतच नाही."

हन्सातूने तोंड रस्त्याकडे फिरवलं. रिक्षाच्या धडधडाटात तिचे ओठ हलले.

"काय म्हणालात?"

नवरा वाटून दिला होता, अंगण, चूल, सगळं वाटून दिलं होतं. हे ती वाटून देणार नव्हती.

"काही नाही," ती म्हणाली. "पोराला नीट धर."