दाय का चुनी

अभिमन नानाच्या तावडीत सापडलेल्या सिनेमाची धडगत नसे. तो सिनेमा कितीही कोटींचा असो, पाचोऱ्याच्या टॉकीजला लागलेला असो की घरच्या टीव्हीवर, नाना शेवटची पाटी येईपर्यंत थांबायचा, उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळायचा, त्यावर फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "चुनी!"

आता ही चुनी काय ते सांगतो. नानानं जन्मभर जळगावला डाळ मिलमध्ये चाळणीवर काम केलं. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळी अंगभर पिवळा कोंडा घेऊन यायचं. डाळीला आमच्याकडे दाय म्हणतात. तूर भरडली की चांगली निघते ती दाय, आणि तुकडा-फोलपट उरतं ती चुनी. चुनी गुरांपुढे टाकतात. चिमूटभर माल हातात घेऊन चोळायचा, फुंकायचा. उडाली तर चुनी, राहिली तर दाय. मिल सुटली, पण नानाची फुंकर काही सुटली नाही. जगात त्याला दोनच गोष्टी दिसायच्या, आणि त्यातलीही एकच जास्त दिसायची.

गावाला मात्र नानाच्या मताची भारी चटक. पुतण्या समाधानची मोबाइल दुरुस्तीची टपरी होती आणि त्याच्या घरी मोठा टीव्ही. रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की तो टीव्ही ओट्यावर यायचा आणि गल्ली जमायची. सिनेमा कमी, नाना जास्त बघायचे लोक.

"हाऊ हिरो पन्नास जनसले मारस, नी शर्टनी इस्त्री बी मोडत नही. चुनी!"

"हाई हिरोइन इहिरवर पानी भरस, नी नखं दखा तिना! दोर कशी धरस व्हई? चुनी!"

एकदा एका सिनेमात नायक-नायिका अडीच तास रडले आणि शेवटी लग्न लागलं. नाना म्हणाला, पहिल्याच रिळात लावून दिलं असतं तर आमचं दूध नासलं नसतं. लोक हसून हसून बेजार. खोटं कशाला बोलू, गोष्ट ऐकायला मजाच यायची.

पण मेल्याची जीभ सिनेमावर थांबेल तर ना! लोटनची दिपमाला शाळेच्या गॅदरिंगला नाचली, आठवडाभर हातापायाला हळदीचा लेप लावून तिनं सराव केला होता. पोरगी स्टेजवरून उतरली तर समोर नाना. त्यानं चिमूट चोळली आणि फुंकली. सगळे हसले, तिचा बापही हसला. त्यानंतर दिपमाला कुणाच्या लग्नातसुद्धा नाचली नाही. आणि नानाला त्याचं काय? त्याला ते आठवतही नव्हतं.

घरात तर विचारूच नका. शेवंताबाई, म्हणजे नानाची बायको, लग्न होऊन आली तेव्हापासून चुनीच खात होती. भाकरी चुनी. कळण्याची असो की ज्वारीची. नवीन लुगडं चुनी. माहेरची माणसं तर पोतंभर चुनी. बाईनं कधी उलटून उत्तर दिलं नाही. आवाजच नव्हता तिला, असं लोक म्हणायचे. कुणाच्या मयतीला गेली तरी पदरात तोंड घालून बसायची, हुं की चूं नाही. बायका मागून म्हणायच्या, काळजाची दगड आहे.

दगड! अगं बायांनो, तिची पोर गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात? होतात की गल्लीतच, मांडवाखाली पापड लाटत होतात.

दोन वर्षांची होती नूतन. ताप आला तो उतरलाच नाही. आणि गेली ती नेमकी धाकट्या दिराच्या हळदीच्या दिवशी, सकाळी. दारात मांडव, अंगणात पाहुणे, सासू हळदीची वाटी घेऊन उभी. शेवंताबाईनं तोंड उघडलं मात्र, नानानं तिच्या तोंडावर हात दाबला. म्हणाला, "आवाज काढू नको. घरमां हयद शे." मागच्या दारानं फडक्यात गुंडाळून त्यानं पोर नेली, नाल्याच्या काठी पुरली, आणि येऊन नवरदेवाजवळ बसला. पाहुण्यांना सांगितलं, पोर आजोळी पाठवली आहे. शेवंताबाईनं त्या दिवशी नवरदेवाला हळद लावली, गाणीही म्हटली. लग्न निर्विघ्न पार पडलं. पुढे गावाला कळलं तेव्हा रडण्याची वेळ निघून गेली होती. शिळ्या मढ्याला कोण रडतं? त्यानंतर तिची कूस काही उजवली नाही. आणि नानानं त्या पोरीचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

त्याच दिराचा मुलगा हा समाधान.

तर यंदा धुळ्याची काही पोरं अहिराणीत सिनेमा करायला गावात आली. समाधाननंच आणली. मोबाइलवर टाकायचा सिनेमा, पण कॅमेरा, छत्री, लाइट सगळं होतं. तरणा मुलगा मरतो आणि त्याची आई हेल काढून रडते, असा प्रसंग होता. आईचं काम करणारी बाई धुळ्याची होती. डोळ्यांत काहीतरी घालून पाणी काढायची, पण हेल काही येईना. गळा काढला की ओवी म्हटल्यासारखं वाटायचं. दिग्दर्शक पोरगं वैतागलं. गावातल्या बायकांना म्हणालं, कुणीतरी पाठमोरं बसा, तोंडावर पदर घ्या, फक्त आवाज द्या.

एकही बाई पुढे होईना. घरात मढं नसताना हेल काढायचा म्हणजे मढ्याला आवतण देणं. शेजारची कौतिकाबाई तर कानावर हात ठेवून घरी गेली.

शेवंताबाई चहाच्या किटल्या घेऊन उभी होती. किटली खाली ठेवली आणि म्हणाली, "मी रडस. मनं रडनं बाकी शे."

नाना त्या दिवशी डोळे दाखवायला जळगावला गेला होता, म्हणून जमलं. ती पाठमोरी बसली, पदर खाली ओढला आणि असा हेल काढला की कॅमेऱ्यामागचं पोरगं कॅमेरा सोडून डोळे पुसायला लागलं. थांबवायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी तीच थांबली, लुगडं झटकलं, आणि कपबशा गोळा करायला लागली.

समाधानला आणि जमलेल्या बायकांना एवढंच म्हणाली, नानाला सांगायचं नाही. नाव टाकायचं नाही. त्यांना आधी बघू दे, मग सांगा.

काय हवं होतं तिला? सांगतो ना. एकदा, जन्मात एकदा, त्या माणसाच्या तोंडून तिला 'दाय' ऐकायचं होतं. आणि आपली बायको म्हणून नको, परकी बाई म्हणून. बायको म्हटली की तो फुंकणार हे तिला ठाऊक होतं. खुळी होती, दुसरं काय! ज्याच्या तोंडाला कडू, त्याच्याकडे गूळ मागायला निघाली होती.

सिनेमा आला त्या दिवशी समाधानच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आपलं गाव टीव्हीत दिसणार, कुणाची म्हैस दिसणार, कुणाचं दार दिसणार. शेवंताबाई भिंतीला टेकून, बायकांच्या मागे. तिथून तिला सिनेमा नीट दिसत नव्हता, पण नानाची पाठ दिसत होती आणि त्याचा उजवा हात दिसत होता. ती तेवढंच बघत होती.

नाना सुरुवातीपासून रंगात होता. नायकाला म्हणाला, हा मेला तर बरं, निदान गप्प तरी बसेल. नायिकेचा बाप आला तर म्हणाला, मिशी उलटी चिकटवली आहे. गल्ली खिदळत होती. शेवंताबाईला वाटलं, आता हेलाच्या वेळीही हे असंच हसणार, आणि आपण इथे सगळ्यांच्या देखत मरणार.

मग मुलगा मेला. पडद्यावर पाठमोरी बाई आली आणि हेल उठला.

"दारमां मांडव व्हता वं माय... घरमां हयद व्हती वं माय... माले रडू दिन्हं नही वं माय..."

सिनेमात ना मांडव होता, ना हळद. पण पोरांना ते शब्द आवडले म्हणून त्यांनी तसेच ठेवले होते. ओट्यावरचं खिदळणं थांबलं. कुणाचं तरी लेकरू कुरकुरलं तर त्याच्या आईनं त्याला छातीशी धरलं. शेवंताबाई नानाच्या हाताकडे बघत होती. हात गुडघ्यावर होता. बोटं हलली नाहीत.

"थांब," नाना म्हणाला. "मांगे ले."

समाधाननं मागे घेतलं. हेल पुन्हा उठला. नानानं चष्मा काढला, उपरण्यानं डोळे पुसले. अभिमन नाना रडला! गल्लीनं हे कधी पाहिलं नव्हतं. त्यानं चिमूट चोळली, तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली. फुंकलीच नाही.

"दाय!" तो म्हणाला. "अस्सल दाय शे. हाई बाईनी खरीखुरी पोर मरी गयी शे. नी लिखनारानी काय लिखं, घरमां हयद व्हती! वा रे पठ्ठ्या!"

भिंतीपाशी शेवंताबाईनं तोंडाला पदर लावला. मिळालं होतं तिला. खरंच सांगतो, तिथेच टीव्ही बंद पडला असता, लाइट गेली असती, तर ती बाई उरलेला जन्म त्या एका शब्दावर काढती. पण समाधानला कुठला दम! पहिला मुलगा झाल्यासारखा ओरडला, "नाना, ते कोनी लिखं नही! तो आपली काकूना आवाज शे!"

सगळ्या माना मागे वळल्या. नानाही वळला.

तिनं त्याचा चेहरा पाहिला. त्याला कळलं होतं. हळद कुठली, मांडव कुठला, सगळं त्याच्या डोळ्यांत एका क्षणात आलं. कौतिकाबाईलाही कळलं, तिनं खाली मान घातली. आता तो काहीतरी बोलेल, असं शेवंताबाईला वाटलं. पोरीचं नाव घेईल. निदान गप्प बसेल. गप्प बसला असता तरी तिनं माफ केलं असतं.

पण पन्नास माणसं बघत होती, आणि नानाचे डोळे ओले होते, आणि ते सगळ्यांनी पाहिले होते.

त्यानं चष्मा घातला. अंगठा आणि बोट पुन्हा चोळलं.

"हिना आवाज?" तो म्हणाला. "मंग चुनी. हिनं कोन मरी गयं?"

आणि फुंकर मारली.

दोन-चार जण सवयीनं हसले. मग त्यांचं हसू त्यांनाच टोचलं असावं, कारण सिनेमा अर्धा राहिला असताना लोक चपला शोधायला लागले. शेवंताबाई उठली, घरी गेली, म्हशीपुढे वैरण टाकली. नाना आला तेव्हा त्याला पाणी दिलं. त्या दिवसानंतर ती ओट्यावर सिनेमाला गेली नाही, एवढाच काय तो फरक. नाना पूर्वीसारखाच जात राहिला आणि फुंकत राहिला.

थंडी सरता सरता नाना गेला. समाधानच्या ओट्यावर टीव्ही बघता बघता छातीला हात लावला आणि कलंडला. सिनेमा कसा वाटला ते सांगायचं राहून गेलं.

सकाळी अंगण भरलं. आसपासच्या गावांतल्याही बायका आल्या होत्या. तो हेल आतापर्यंत मोबाइलमोबाइलवर फिरला होता, आणि आज तो खरा ऐकायला मिळणार होता. दोघी-तिघींनी पदराआड मोबाइल धरले होते. हो, मयतीच्या घरी! आमच्या गल्लीची रीत अशी की घरच्या बाईनं पहिला हेल काढायचा, मग बाकीच्यांनी. म्हणून सगळ्या गळा दाबून बसल्या होत्या.

शेवंताबाई नानाच्या उशाशी बसली होती. डोळे कोरडे. नाकाला कापूस लावलेला तो चेहरा ती बघत होती. बराच वेळ गेला. तिरडी बांधून झाली, मडकं आलं, पुरुष माणसं दारात चुळबुळ करायला लागली.

कौतिकाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "रड वं माय. रड, मोकयी व्हय."

"नको," शेवंताबाई म्हणाली. आवाज चांगला ठणठणीत होता, अंगणातल्या शेवटच्या बाईपर्यंत गेला. "त्यासले चुनी आवडे नही."

तिनं काढला नाही म्हणून कुणीच हेल काढला नाही. अभिमन नानाला उचललं, दारातून बाहेर काढलं, गल्लीतून नेलं, तरी एका बाईच्या तोंडून आवाज निघाला नाही. नूतनला नेलं होतं तसंच त्यालाही नेलं.