शेवटून दुसरा देश

सोमवारी पहिल्या तासाला मी फळ्यावर आकृती काढत होते. शिपाई दारात आला आणि प्राचार्यांनी लगेच बोलावलंय म्हणाला. तास सोडून बोलावण्याची आमच्या प्राचार्यांची पद्धत नव्हती. निवृत्तीला चार महिने उरलेले गृहस्थ, कुठलीही गोष्ट मधल्या सुटीपर्यंत थांबवून ठेवायचे. मी गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर एक कार्डशीट गुंडाळून ठेवलेला होता. वरचे दोन कोपरे फाटलेले, म्हणजे कोणीतरी तो भिंतीवरून ओढून काढला होता.

मी कोराडी रस्त्यावरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. सव्वीस जानेवारीच्या आधी प्रत्येक वर्ग व्हरांड्यात भित्तिपत्रक लावतो. जवळच्या औष्णिक वीज केंद्राची राख बसून कागद काळे पडतात म्हणून वरून प्लास्टिक चढवतो. या वर्षी बारावीला विषय मीच दिला होता, आपले शेजारी देश. बहुतेक पोरांनी झेंडे, डोंगर आणि खाण्याचे पदार्थ काढले. एका मुलीने तक्ता केला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, भूतान. महागाई किती, परकीय चलन किती महिन्यांच्या आयातीला पुरेल, आणि सरकार शंभर रुपये खर्च करतं तेव्हा शाळांवर किती, दवाखान्यांवर किती, सैन्यावर किती, जुन्या कर्जाच्या व्याजावर किती. त्या त्या सरकारांचे अर्थसंकल्प तिने मोबाइलवर वाचून काढले होते. खाली लाल स्केचपेनने एक ओळ होती. शाळा आणि दवाखान्यांवरच्या खर्चात या सहा देशांत भारताचा क्रमांक शेवटून दुसरा.

त्या ओळीखाली ‘तपासले’ असं लिहून माझी सही होती.

प्राचार्य म्हणाले की भाऊंनी शनिवारी संध्याकाळी व्हरांड्यातून जाताना हा वाचला. भाऊ म्हणजे आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीतले एक सदस्य. वीज केंद्राची राख वाहणारे त्यांचे टिप्पर चालतात. देणगी देतात, गॅदरिंगला बक्षिसं वाटतात, चिडले की मात्र राग पटकन उतरत नाही. त्यांचं म्हणणं, मुलीने देशाची बदनामी केली, तिने लेखी माफी मागावी. गुरुवारी चार वाजता ते येणार होते. तोवर माफीनामा तयार हवा होता.

मी प्राचार्यांना म्हटलं की सही माझी आहे, बोलायचं तर माझ्याशी बोलावं. ते म्हणाले, तुम्ही कायम आहात मॅडम, तुमच्याशी बोलून त्यांना काय मिळणार. आणि मग, आवाज खाली करून, त्यांनी मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. मुलीचे वडील भाऊंच्याच टिप्परवर ड्रायव्हर होते.

मंगळवारी कॉलेजातून आल्यावर चहा घेतला आणि लॅपटॉप उघडून बसले. मला तक्ता बरोबर आहे हे सिद्ध करायचं होतं. एकेक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहिला. नेपाळ बरोबर, भूतान बरोबर, श्रीलंकेच्या व्याजाचा आकडा पाहून कोणालाही धडकी भरावी, पण तोही बरोबर. भारताच्या रांगेला आले आणि चूक दिसली. ती इतकी ढोबळ होती की मी उठून घरात एक फेरी मारून आले.

मुलीने दिल्लीचा अर्थसंकल्प घेतला होता. म्हणजे फक्त केंद्र सरकारचा. आपल्याकडे शाळा आणि दवाखाने मुख्यतः राज्यं चालवतात. गावातलं आरोग्य केंद्र, जिल्हा परिषदेची शाळा, मास्तरांचे पगार, यातलं बहुतेक राज्याच्या तिजोरीतून जातं. माझा स्वतःचा पगार तिथूनच येतो. वीसहून जास्त वर्षं दर महिन्याला तो घेणाऱ्या बाईने राज्यांचा खर्च वगळलेला तक्ता तपासून खाली सही केली होती. भूतानच्या सरकारचा सगळा खर्च एका बाजूला आणि आपला अर्धाच दुसऱ्या बाजूला, अशी ती तुलना होती. पोरीने लिहिलेल्या ‘श्रीलंका’ची वेलांटी मी दुरुस्त केली होती. ही चूक मला दिसली नव्हती.

मी राज्यांचे एकत्रित आकडे काढले. केंद्राने राज्यांना दिलेले पैसे दोनदा मोजले जाऊ नयेत याची काळजी घेतली आणि भारताची रांग नव्याने मांडली. शाळांच्या बाबतीत आपण बरेच वर सरकलो. दवाखान्यांत थोडे सरकलो, तरी काही शेजारी पुढेच राहिले. म्हणजे लाल ओळ चूक होती, आणि भाऊ कागद न तपासता निम्मे बरोबर निघाले होते. हे मला फार झोंबलं.

बुधवारी मधल्या सुटीत तिचे वडील आले. स्टाफरूमच्या दाराबाहेरच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. सोमवारपासून त्यांना गाडीवर चढू दिलं नव्हतं. कोणी कामावरून काढलंय असं म्हणत नव्हतं. सकाळी गेले की चावी दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि यांना बसून राहा म्हणायचे.

“तुमी तिले सांगा न मॅडम, दोन ओळी लिहून दे म्हणा,” ते म्हणाले. “माह्यं तं ऐकतच नाई. मले म्हणते, बाबा, तुमी रस्ता चुकले तं कोणता चुकले थे सांगतेत ना लोकं.”

मी सांगते म्हणाले. शेवटच्या तासानंतर मुलीला थांबवलं आणि खरोखरच सांगितलं. माझा सल्ला व्यवहारी होता. एक कागद, दोन ओळी, परीक्षा तोंडावर आहे, बापाचं काम आहे, लिही आणि मोकळी हो. असे कागद फायलीत जातात आणि कोणी परत उघडत नाही. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

“काय चुकलं थे सांगा,” ती म्हणाली. “मंग लगेच लिहून देईन.”

माझ्या पर्समध्ये नवीन रांगेचा कागद होता. तो काढायला एक मिनिट लागलं नसतं. पण तो दाखवला असता तर चूक तिच्या माफीनाम्यात गेली असती, आणि पाठोपाठ माझी सहीही उघडी पडली असती. मी म्हटलं, उद्या बघू. ती दप्तर उचलून गेली. मी स्वतःला सांगितलं की तिच्या भल्यासाठीच थांबतेय. ते पूर्ण खरं नव्हतं.

गुरुवारी चार वाजता भाऊ आले. प्राचार्यांच्या खोलीत आम्ही पाच जण. ते दोघे आणि मी खुर्च्यांवर, मुलगी टेबलासमोर उभी, वडील दाराशी. चहा आला, तो कोणी घेतला नाही. भाऊंनी कार्डशीट उलगडून लाल ओळ मोठ्याने वाचली. मग विचारलं की भूतानची लोकसंख्या किती. मुलीने सांगितली.

“म्हणजे आपल्या नागपूरपेक्षाही कमी,” ते म्हणाले. “दोन माणसांचं घर अन् खटल्याचं घर एका कागदावर मांडून राहिले तुमी मॅडम. आमी चंद्रावर गेलो, अन् आमची पोरगी आमाले भूतानच्या खाली बसवून राहिली.”

माणूस मूर्ख नव्हता. शंभरातले किती, असं विचारलं की घराचा आकार आड येत नाही, हे मी त्यांना समजावू शकले असते. पण खऱ्या चुकीपासून ते हातभर अंतरावर होते. प्राचार्यांनी कोरा कागद आणि पेन मुलीपुढे सरकवलं. वडील दाराशी नुसते पाय बदलत होते. मुलीने पेनाला हात लावला नाही, माझ्याकडे बघितलं.

मी कागद काढला आणि सांगितलं. भारताच्या रांगेत फक्त केंद्राचा खर्च धरलाय. राज्यांचा धरला की शाळांमध्ये आपण बरेच वर जातो, दवाखान्यांत थोडे. शेवटून दुसरा हे वाक्य चुकीचं आहे. हे मीच शिकवते आणि मीच तपासलं, म्हणून चूक माझी आहे.

भाऊ खुर्चीत मागे टेकले. आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला. म्हणजे आपण वर, असं त्यांनी प्राचार्यांना दोनदा ऐकवलं. मग मुलीला म्हणाले की बस, एवढंच लिहून दे, माझा तक्ता चुकीचा होता, माफ करा, झालं. प्रकरण मिटल्यासारखं वाटलं. प्राचार्यांनी गार झालेला चहा उचलला.

मुलीने माझा कागद मात्र हातात घेतला होता आणि ती तो वाचत होती. बोट एकेका ओळीवर.  बाहेर कोळशाचा ट्रक गेला, खिडकीची तावदानं हलली.

“मॅडम, आपले राज्य जोडले,” ती म्हणाली. “पाकिस्तानचे प्रांत जोडले काय?”

मी नव्हते जोडले. तिकडेही शाळा-दवाखाने मुख्यतः प्रांतांकडेच. नेपाळमध्येही गेल्या काही वर्षांपासून प्रदेश आणि पालिकांकडे बराच खर्च गेलाय. मी नाही म्हणाले.

“नेपाळचे?”

“नाही.”

“मंग हाही तक्ता चुकीचाच आहे ना.”

भाऊंचा आवाज चढला नाही, पण थंड झाला. “काहून वं, आता पाकिस्तानची वकिली करून राहिली का तू?”

वडील दारातून एक पाऊल आत आले. तिचं नाव घेतलं, नुसतं नाव. तिने मागे पाहिलं नाही.

“वकिली नाई भाऊ,” ती म्हणाली. “आपल्याले ज्या मापानं मोजलं त्याच मापानं त्याइले मोजायचं. नाईतर पयलाच तक्ता राहू द्या, त्यात तरी माप एकच होतं.”

 मला तेव्हा दोन गोष्टी एकदम दिसल्या. एक, ती बरोबर होती आणि आदल्या दिवशी मी तिला हा कागद दिला असता तर नेपाळ-पाकिस्तानच्या रांगाही आजपर्यंत झाल्या असत्या. दुसरी, भाऊंना तक्त्याशी आता काही घेणं उरलं नव्हतं. ते सोमवारपासून ज्या कागदाची वाट बघत होते तो कागद घेतल्याशिवाय ते उठणार नव्हते.

तेव्हा मी मुलीपुढचा कोरा कागद माझ्याकडे ओढला आणि लिहिलं. बारावीच्या भित्तिपत्रकातील शेजारी देशांचा तक्ता मी पुरेसा न तपासता मंजूर केला. त्यातील तुलना अपूर्ण आहे. तो काढून घेण्यात येत असून त्याची जबाबदारी माझी आहे. सही केली, तारीख घातली, आणि वाचून दाखवलं. मुलीचं त्यात नाव नव्हतं. माफी हा शब्दही नव्हता.

भाऊंनी कागद हातात घेऊन स्वतः वाचला. ‘अपूर्ण’ या शब्दावर ते थबकले, तिथे ‘चुकीची’ लिहा म्हणाले. मी म्हटलं, चुकीची लिहिते, पण मग बरोबर काय तेही लिहावं लागेल, आणि ते अजून कोणालाच ठाऊक नाही. प्राचार्य घाईने म्हणाले की अपूर्ण ठीक आहे भाऊ, अपूर्णमध्ये सगळं येतं. भाऊंनी कागदाची घडी न घालता तो प्राचार्यांच्या फायलीत ठेवला आणि वर हात दाबून ठेवला. मग दाराकडे न बघता वडिलांना म्हणाले की उद्या सकाळी साडेपाचला ये, चावी तुझ्याजवळ द्यायला सांगून ठेवतो.

वडिलांनी हात जोडले. मला ते बघवलं नाही, पण बघितलं.

बाहेर व्हरांड्यात फाटक्या कोपऱ्यांची चिकटपट्टी अजून भिंतीवर होती. वडील माझ्याजवळ आले. धन्यवाद वगैरे म्हणतील म्हणून मी आधीच मान हलवली, पण त्यांना दुसरंच काही हवं होतं.

“मंग मॅडम, आपन नेमके कितव्या नंबरावर हाओ?”

अजून माहीत नाही, मी म्हटलं. दोन देशांचं काम बाकी आहे.

“थे लवकर काढून ठेवा,” ते गंभीरपणे म्हणाले. “भाऊ मले विचारतीन. त्याइले असं काई अर्धवट ठेवलेलं चालत नाई.” आणि गाडी काढायला गेले.

मुलगी खांबाशी थांबली होती. बापाची मोटरसायकल सुरू झाली तसं तिने विचारलं.

“तुमाले काल माहीत होतं ना?”

मी हो म्हणाले. कारण सांगायला गेले नाही. तिने विचारलंही नाही.

“पाकिस्तान, नेपाळ मीच काढीन,” ती म्हणाली. “तुमी नका काढू.”

सव्वीस जानेवारीची भित्तिपत्रकांची स्पर्धा तिच्या तक्त्याशिवाय झाली. आमच्या वर्गाला भूतानच्या डोंगरांसाठी उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, ते भाऊंच्या हस्ते. नंतरच्या आठवड्यात तिने दोन्ही देशांचे आकडे आणून दिले, सोबत मूळ कागदांच्या प्रती. पाकिस्तान बराच वर आला होता, नेपाळ थोडा, आणि दवाखान्यांच्या रांगेत आपण मागच्या बाकावरच होतो. मी तीन दिवस घेऊन प्रत्येक आकडा ताडला. एका ठिकाणी तिची बेरीज चुकली होती. मी ती सापडली त्याच दिवशी तिला दाखवली.