न पुसलेलं सरबत

माझी भावजय सालोमत टोप्यांवर भरतकाम करते. आमच्या साऱ्या कोनीबोदोम शहरात तिच्या टाक्याला तोड नाही आणि हट्टालाही. हे मी नणंद म्हणून बोलत नाही. माझा भाऊ हयात असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं.

तिचा एकुलता एक दिलोवर दोन वर्षांपूर्वी रशियाला बांधकामावर गेला. निघायच्या दिवशी गाडीची वाट बघत मायलेक टीव्हीवर फुटबॉलचा गेम खेळत बसले होते. सालोमतच्या हातातला खेळायचा रिमोट शेजाऱ्यांकडून मागून आणलेला, दिलोवरचा त्याचा स्वतःचा. हॉर्न वाजला, पोरगा धडपडत उठला आणि जर्दाळूच्या सरबताचा वाडगा त्याच्या रिमोटवर लवंडला. आमच्यात माणूस प्रवासाला निघाला की तो पोचेपर्यंत घर झाडत-पुसत नाहीत, परतीची वाट पुसली जाते म्हणतात. दिलोवर पोचला, तसा फोनही आला. मग सालोमतने घर लख्ख केलं, पण रिमोट तेवढा चिकटच कपाटात ठेवला. म्हणाली, "राहू दे आपा, त्याच्या हातून सांडलंय." मी कपाळावर हात मारून घेतला.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "आई, इथे खोलीवर एकाने गेमचं मशीन आणलंय. रविवारी खेळूया? तू तिकडून, मी इकडून!"

बाईचे पाय जमिनीवर ठरेनात. लगेच रिमोट काढून जोडला, तर त्यात धुगधुगीसुद्धा नाही.

"नवा घे की," मी म्हटलं.

"नवा कशाला? हे रबर बघा, त्याच्या अंगठ्याने झिजलंय."

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला. आतल्या हिरव्या बोर्डावर बुरशीसारखा थर साचला होता. "मावशी, सरबताने तांब्याची रेघ खाल्लीय. आधी स्वच्छ धुवा, मग तुटलेल्या जागी बारीक तार जोडा. मला एवढं बारीक दिसत नाही आता."

घरी येऊन ती स्पिरिटचा बोळा हातात धरून नुसती बसून राहिली.

"आपा, हे पुसलं आणि तो आलाच नाही तर?"

"दोन वर्षं सांभाळलंस ना? आणलं त्या सरबताने त्याला परत?" मी फाडकन बोलून गेले. तिचे डोळे भरले, आणि मला माझ्या जिभेचा राग आला. तिने मान खाली घातली आणि दात घासायच्या ब्रशने बोर्ड घासायला घेतला.

माझ्या नवऱ्याच्या मोडक्या रेडिओतून आम्ही केसाएवढी तार सोडवली, त्याच्याच पेटीतून सोल्डरिंगची सळई आणि मीटर काढलं. मी टॉर्च धरला. भरतकामाच्या सुईने तिने तार जागेवर दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने सोल्डरचा डाग दिला. पहिला डाग पसरला आणि शेजारच्या रेघेला जाऊन चिकटला.

"टोपी नाही ती, कथील जरा कमी घे!" मी ओरडले.

"तुम्ही टॉर्च नीट धरा आधी! हात हलतोय तुमचा."

वितळवून, पुसून पुन्हा डाग दिला. मीटरची टोकं लावली तसा जोड लागल्याचा 'पीं' आवाज आला. रिमोटचा दिवा लागला, आणि या बाईने सुईसकट मला मिठी मारली.

रविवारी आम्ही जेवणं लवकर उरकली. फोन उशीला टेकवून ठेवला होता, त्यातून दिलोवरचा आवाज येत होता. खेळता खेळता तो म्हणाला, "शरदात येतोच, आई. नक्की." सालोमत गोलावर गोल करत होती. मी टाळ्या पिटत होते.

"अरे दिलोवर, आईने पार धुतलं की तुला!"

"हात चांगला बसलाय तिचा, आत्या," तो हसला. मग काम आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

मी चहा ओतला. ती रिमोट मांडीवर घेऊन तशीच बसलेली.

"आता काय झालं? जिंकलीस ना?"

"लहानपणापासून त्याने मला एक गोल करू दिला नाही, आपा. रडायचा, फसवायचा, टीव्ही बंद करायचा, पण हरायचा नाही. आज मला गोल करू देत नुसता उभा राहिला."

"माया आली असेल पोराला. दोन वर्षांनी खेळला तुझ्याशी."

"घरच्यांशी भांडून जिंकतात, पाहुण्यांना जिंकू देतात, आपा," ती म्हणाली. "तो आता यायचा नाही."