आईच्या अंगठ्याची चाचणी

वेंडेलीन ह्रुबेश चेक देशातल्या ब्रनो शहरात कर्नलचं काम करायचा. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला तो भाग, जो कळ दाबली की आधी ऐकतो आणि मग बाकीच्यांना सांगतो. वेंडेलीनकडे त्यातला रिमोटचा कोपरा होता. रिमोटमधून डोळ्यांना न दिसणारा उजेड लुकलुकतो. तो किती वेळ लागला, किती वेळ विझला, यावरून बटण ओळखायचं. बस्स, जन्मभर हेच! लोक विचारत, "अरे, यात करण्यासारखं काय उरलंय?" तो नुसता हसायचा.

शहराच्याच लिशेन भागातल्या एका उंच इमारतीत त्याची आई, क्वेतोस्लावाबाई, एकटी राहायची. नजर जवळजवळ गेलेली, जीभ मात्र शाबूत. वडील गेले, मागोमाग जुना टीव्हीही गेला; पण वडिलांनी चिकटपट्टी गुंडाळून जगवलेला रिमोट बाईंनी काही सोडला नाही. त्याची बटणं बोटांना पाठ होती. नव्या रिमोटची बटणं सगळी सपाट, हाताला कळायचीच नाहीत. बाई टीव्ही बघत नसत, ऐकत. संध्याकाळच्या बातम्या आणि रविवारचा बँड, एवढाच काय तो घरात माणसांचा आवाज. म्हणून वेंडेलीननं नव्या टीव्हीमागे तळहाताएवढा संगणक बसवला आणि त्याच्या कर्नलला जुन्या रिमोटची भाषा शिकवली.

स्वतः तपासलं, फक्कड चाललं. आईच्या हातात दिलं. टीव्ही लागला आणि लगेच विझला.

"आई, नीट दाब ना."

"नीटच दाबतेय. लग्न झाल्यापासून हेच करतेय. तुझ्या डबड्याला माझा अंगठा आवडत नाही."

"अगं, माझ्या हातून चालतंय!"

"मग राहा इथंच. दाबत बस."

कैक रविवार असेच गेले. तो यायचा, कॉफीबरोबर आईनं चाचपडत भाजलेला बाबोव्का केक खायचा, खुडबूड करून जायचा. तो गेला की घर पुन्हा गप्प. एकदा बाई म्हणाल्या, "राहू दे रे, वेंडा. मला शांततेची सवय होतेय." आणि हसल्या. पडद्यावरचे आकडे सोडून त्यानं पहिल्यांदाच आईच्या हाताकडे पाहिलं.

अंगठा थरथरत होता. एकदा दाबतानाच बटण क्षणभर सुटायचं आणि पुन्हा दाबलं जायचं. हा रिमोट दर नव्या दाबण्याला खूण बदलायचा, त्यामुळे कर्नलला वाटायचं, दोनदा दाबलं. लाव, विझव. रिमोट बरोबर, कर्नल बरोबर, बाईही बरोबर. गाढव एकटा वेंडेलीन, ज्यानं सगळं स्वतःच्या ठणठणीत अंगठ्यानं तपासलं!

त्यानं कर्नलमध्ये एक ओळ घातली: तेच बटण इतक्या लगेच पुन्हा आलं, तर एकदाच धर. बाईंनी दाबलं. टीव्ही लागला आणि लागलेलाच राहिला. बँड वाजू लागला.

"आवाज वाढवू?" त्यानं विचारलं.

"मी वाढवीन. तू बाजूला हो."

काय दिवस होते ते!

हा बदल त्यानं जगभरच्या कर्नलवाल्यांना पाठवला. या मंडळींची एक रीत आहे: बदलाखाली लिहिणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव घालायचं, ईमेलसकट. पारखून घेणारा एस्टोनियातल्या टार्टू गावचा आर्वो मोठा खडूस. त्यानं विचारलं, "तुझ्याखेरीज तपासलं कोणी?" वेंडेलीननं आईच्या नावानं ईमेल उघडला आणि लिहिलं: तपासलं, क्वेतोस्लावा ह्रुबेशोवा. (तिकडे बाईच्या आडनावाला 'ओवा' लागतो.) आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "मग बढती कधी?"

बाई गेल्या, घर विकलं, वेंडेलीन निवृत्त झाला. आईचा ईमेल बंद करायला मात्र त्याचा हात धजला नाही. बऱ्याच वर्षांनी त्यावर एका परक्या माणसाचं पत्र आलं. जुनं काही बदलायचं तर आधी तपासलेल्यांना विचारायचं, हीही त्यांची रीतच. "क्वेतोस्लावाबाई, ती ओळ मी काढतोय. आता तिची गरज नसावी. एकदा तपासून पाहाल का?"

वेंडेलीननं पत्र दोनदा वाचलं. त्यानं तळहाताएवढा तो संगणक जोडला, नवा बदल घातला, कपाटातून रिमोट काढला. आता वेंडेलीनही म्हातारा झाला होता. थरथर मुद्दाम आणावी लागली नाही. टीव्ही लागला आणि लगेच विझला.

त्यानं आईच्या पत्त्यावरून उत्तर लिहिलं: "तपासलं. चालत नाही. ओळ राहू द्या, मला संध्याकाळी टीव्ही ऐकायचा असतो."