बेहड्याच्या ढोलीतली बाळंतीण

"या वयात पक्षी बघायला गोव्यात?" असं घरी विचारलं, तेव्हाच ठरवलं, जायचं. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलाय मी. कुठं उतरायचं ते मला दुसऱ्यानं सांगू नये. पेडण्यातल्या हळर्णची माझी मैत्रीण सुनंदा फोनवर म्हणाली होती, आधी डोंगराला वणवा लागला, मग वादळानं उरलीसुरली झाडं पाडली. डोंगरातले माडगरूड, म्हणजे आपले धनेश, काजूच्या बागांत उतरलेत. पाणी ठेवायला, घरट्यांवर लक्ष ठेवायला माणसं हवीत. मी पिशवी भरली.

कोल्हापूरहून आंबोलीमार्गे सावंतवाडी, तिथून पेडण्याची बस, पुढं गावची बस मिळाली तर मिळाली, नाहीतर रिक्षा. मे महिन्यात याल तर टोपी विसरू नका. सुनंदाकडे सकाळी पेज नाहीतर पोदेराचे गरम उंडे, म्हणजे तिथले गोल पाव, दुपारी बांगड्याचं हुमण, म्हणजे आमटी. खिशाला फार चाट बसत नाही.

पहिल्या दिवशी पक्ष्यांसाठी मातीच्या परळांत पाणी भरून सावलीत ठेवलं. डोंगर काळाठिक्कर, चालताना राख चपलेत शिरते. मग मला एका बेहड्याखाली बसवलं. वादळानं तो वाटेवर कलला होता. वर ढोलीत धनेशाची मादी, नर किती वेळा येतो ते मी वहीत लिहायचं. ढोलीचं तोंड मातीनं लिंपलेलं, बोटभर फट तेवढी उघडी.

"अगं, ही अडकलीय! फोडू या की," म्हणत मी लांब काठी शोधायलाही लागले.

सुनंदानं माझा हात धरला. "गप रव गो. अडकूक नाय ती, बाळंतीण आसा. आतसून तिनाच लिपून घेतला. घोव भरवता तिका."

मी खाली बसले. चांगलं करायला आले आणि तिचं घर मोडणार होते, माझी मलाच लाज वाटली. जवळची उंबरं जळाल्यामुळं नराला लांब जावं लागे. दोन तासांनी तो आला आणि फटीतून एकेक उंबर आत देऊ लागला, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी वीजखात्याच्या ठेकेदारानं पाठवलेला इराप्पा करवत घेऊन आला. खानापूरकडचा, पंचविशीचा गडी. "आक्का, झाड विजेच्या तारेवर पडंल. तोडायला सांगितलंय."

सुनंदा बुंध्याला पाठ लावून बसली. "आदी माका तोड." मीही शेजारी बसले. भरल्या गाडीतून फुकट्यांना उतरवलंय मी, एका करवतीला काय भिते?

"पक्ष्यासाठी माणसं मारता काय?" तो चिडला. खोटं नव्हतं त्याचं.

सुनंदा शांतपणे म्हणाली, "आत बाळंतीण आसा, बाबा. बाळंतिणीक कोण घराभायर काडता?"

इराप्पानं वर पाहिलं. त्याची बायको माहेरी बाळंत होऊन सव्वा महिनाही झाला नव्हता, हे नंतर त्यानंच सांगितलं. "आदी सांगायचं न्हाई काय," एवढंच पुटपुटला. मग त्यानं तारेकडच्या फांद्या तेवढ्या उतरवल्या, बुंधा दोरखंडानं मागच्या किंदळाच्या झाडाला बांधला, वाट बांबू घालून बंद केली. ठेकेदाराला फोन लावला, "बाळंतीण हाय आत. महिनाभर हात लावनार न्हाई." ठेकेदार काय समजला देव जाणे, पण हो म्हणाला.

पाचव्या दिवशी मी कोल्हापुरात. अंगाला अजून राखेचा वास येतो असं वाटायचं. "काय मिळालं तिथं जाऊन?" असं विचारणाऱ्यांना म्हटलं, माझी सुट्टी, माझे पाय.

जूनमध्ये सुनंदाचा फोन आला. जोराच्या पावसात बेहडा मुळासकट आडवा झाला होता. "पडणारच होतं, सांगत होतो," असं गावात चारजण तिला ऐकवून गेले.

"आणि पिल्लं?" मी विचारलं.

"चार दीस आदीच उडान गेली गो. आवय पण."

पडायचंच होतं ते झाड. रिकामं पडलं, एवढ्यासाठीच बसलो होतो आम्ही.